फिनाईल ओतून वास मरत नाही, टाकी मरते

विषय नाक मुरडायला लावणारा आहे, पण शेवटपर्यंत वाचा. रेल्वेच्या डब्यातला संडासाचा वास.

जळगाव ते मुंबई सुमारे ४२० किलोमीटर. गाडी वेळेत धावली तरी सहा-सात तास जातातच. आता तुमच्या घरातल्या बायकांना विचारा, या प्रवासात त्या पाणी किती पितात. बहुतेक घरांत उत्तर एकच येईल: "मनमाड गेल्यावर दोन घोट, बस." मे महिन्यात, आपल्याकडे पारा ४४-४५ वर असताना, बाई तहान मारून बसते. कारण त्या दारामागचा वास. पुढे लघवीची जळजळ, डोकेदुखी, चक्कर. म्हणून हा प्रश्न नुसता नाकाचा नाही, तब्येतीचा आहे. डायबेटिसचे पेशंट, म्हातारी माणसं, गरोदर बाया यांना तर "नंतर जाऊ" म्हणण्याची सोयच नसते.

आधी हे मान्य करू की पूर्वीपेक्षा खूप सुधारणा झालीय. पूर्वी सगळं थेट रुळावर पडायचं. स्टेशनात गाडी उभी असताना संडास वापरू नका, अशी पाटी असायची आणि लोक तेव्हाच वापरायचे. ती घाण ट्रॅकवर काम करणाऱ्या गँगमनच्या अंगावर, हातावर यायची. रूळही गंजायचे. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात सांगितलं की हे रुळावर सोडणं पाच वर्षांत बंद करा. सुप्रीम कोर्टानेही २०१४ मध्ये रेल्वेला सांगितलं की रुळावरचा मैला माणसाकडून साफ करून घेणं ठराविक मुदतीत थांबवा.

यावर उत्तर म्हणून आलं बायो-टॉयलेट. संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, डीआरडीओने, तयार केलेलं तंत्र. २०११ मध्ये बुंदेलखंड एक्स्प्रेसपासून सुरुवात झाली आणि २०१९-२० पर्यंत जवळपास सगळ्या ब्रॉडगेज डब्यांना ते लागलं. निर्णय चांगलाच होता. पण संडास बदलला तरी आपली आणि रेल्वेची सवय बदलली नाही. गडबड इथे झाली.

आता हे चालतं कसं ते बघा, म्हणजे वास कुठून येतो ते कळेल. डब्याखाली एक बंद टाकी असते. तिच्यात जिवाणू असतात. हवेशिवाय जगणारे हे जिवाणू मैला खातात, त्याचं पाणी आणि गॅस होतो. पाण्यावर क्लोरीनची प्रक्रिया होऊन ते बाहेर पडतं. भांडं आणि टाकी यांच्यामध्ये वाकडा पाईप असतो. त्या वाकणात पाणी साचून राहतं आणि टाकीतला गॅस वर येऊ देत नाही. घरच्या बाथरूममधला नहाणी ट्रॅप आठवा. पंधरा दिवस गावाला जाऊन आलं की बाथरूम का घाण मारतं? ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं म्हणून. दोन तांबे पाणी ओतलं की वास थांबतो. रेल्वेतही तत्त्व तेच.

म्हणजे वासाची मुख्य कारणं तीन.

एक, पाणी संपणं. उन्हाळ्यात लोक तोंड धुतात, डोक्यावर पाणी घेतात, बाटल्या भरतात. गाडीतलं पाणी संपलं की ट्रॅपमध्ये नवं पाणी पडत नाही, भांडं धुतलं जात नाही आणि वास डब्यात शिरतो.

दोन, तुंबणं. पाण्याची बाटली, गुटख्याची पुडी, सॅनिटरी पॅड, लहान मुलांचा डायपर. जिवाणू मैला खातात, प्लास्टिक खात नाहीत. कॅगच्या २०१७ च्या अहवालात याचा हिशेब आहे. २०१६-१७ मध्ये तपासलेल्या सुमारे २५ हजार बायो-टॉयलेटमध्ये जवळपास दोन लाख तक्रारी आणि दोष निघाले, त्यातल्या एक लाखाहून जास्त तुंबण्याच्या. म्हणजे एकेक संडास वर्षातून सरासरी चार वेळा तुंबला.

तीन, आणि हे कोणी बोलत नाही: फिनाईल आणि ॲसिड. वास आला की ओत फिनाईल. दहा मिनिटं डबा दवाखान्यासारखा वास मारतो, सगळे खूश. पण तेच औषध खाली जाऊन टाकीतल्या जिवाणूंना मारतं. जिवाणू मेले की मैला पचत नाही, नुसता सडतो. उद्याचा वास आजच्यापेक्षा वाईट. मग आणखी फिनाईल.

ही सवय फक्त रेल्वेची नाही. जळगाव-धुळ्याच्या कितीतरी कॉलन्यांत घराखाली संडासाची टाकी आहे. वास आला की आपण ॲसिडची बाटली आणतो. टाकीचा हवेचा पाईप गच्चीच्या वर गेलाय का, की शेजाऱ्याच्या खिडकीजवळच कापलाय, हे बघत नाही. दोन-तीन वर्षांनी टाकी उपसायची असते, ते दहा-दहा वर्षं करत नाही. वास म्हणजे टाकी आजारी असल्याची खूण. अत्तर लावून ताप उतरतो का?

काही लोक म्हणतात, "आपली पब्लिकच तशी आहे, रेल्वे तरी काय करणार?" अर्धं खरं आहे. बाटली टाकणारा आपल्यातलाच असतो. पण पॅड टाकायला संडासात झाकणाचा डबा नसेल, किंवा असून तो भरून वाहत असेल, तर त्या बाईने ते हातात धरून इगतपुरीपर्यंत न्यायचं का? आधी सोय द्या, मग शिस्त मागा. आणि तुंबलेल्या टाकीतली बाटली काढायला शेवटी माणसालाच हात घालावा लागणार असेल, तर रुळावरचं काम आपण फक्त डब्याखाली सरकवलं. ते काम यंत्रानेच व्हायला हवं.

म्हणून मागण्या साध्या आहेत. भुसावळ हे एवढं मोठं जंक्शन, अख्ख्या विभागाचं मुख्यालय. एप्रिल ते जून इथून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत पाणी भरलं गेलं की नाही, याची नोंद ठेवा आणि ती लोकांना दिसू द्या. प्रत्येक संडासात झाकणाचा डबा ठेवा आणि वाटेत रिकामा करा. सफाई कंत्राटात जिवाणूंना न मारणारंच औषध वापरायची अट कडक पाळा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांनी नव्या गाडीचा थांबा मागताना हेही मागावं. थांबा मिळाल्याचा फोटो निघतो, संडासाचा निघत नाही, हे आम्हाला समजतं. तरी मागा.

आणि आपण? भांड्यात मैला, पाणी आणि काहीच नाही. वापरल्यावर पाणी सोडा. पाणी नसेल, तुंबलं असेल, तर शिव्या घालून गप्प बसू नका. १३९ वर फोन करा किंवा रेल मदद ॲपवर डबा नंबर टाकून तक्रार करा. एका तक्रारीने काही होत नाही, हे खरं. पण एका गाडीतून चाळीस गेल्या तर कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

आपल्या आईला, बहिणीला प्रवासात पोटभर पाणी पिता आलं पाहिजे. एवढंच मागणं आहे. पटलं तर शेअर करा, आणि तुमच्या गाडीचा अनुभव गाडी नंबरसकट खाली लिहा.