कागद हरवला, नोंद हरवू नये!

माणूस जन्मास आला याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे तो स्वतः समोर उभा आहे हा होय, असे साध्या बुद्धीच्या मनुष्यास वाटते. सरकारदरबारी मात्र हा पुरावा चालत नाही. तेथे माणसापेक्षा कागद थोर! हदगावसारख्या तालुक्यातला तरुण शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी गेला, की या कागदाचे थोरपण त्याला पदोपदी जाणवू लागते. पारपत्र, प्रवेशपत्र, कायम वास्तव्याचा परवाना, अशा प्रत्येक वळणावर एकच मागणी पुढे येते: जन्माचा दाखला आणा. आणि नेमका तोच कागद पुष्कळांच्या घरी नसतो.

हा प्रश्न मूठभर सुखवस्तू लोकांचा आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. अमेरिकेचा नागरिक झालेला मुलगा म्हातारपणी आईला आपल्याजवळ नेऊ इच्छितो, तेव्हा आईचे नाव असलेला स्वतःचा जन्मदाखला त्याला अर्जासोबत जोडावा लागतो. पुढे आईलाही स्वतःच्या जन्माचा पुरावा द्यावा लागतो. मुलगा सांगतो, दाखला घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत होता, ट्रंक पावसात भिजली. आई सांगते, माझा जन्म रझाकाराच्या सालचा, पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. दोघेही खरे बोलत असतात. पण खरे बोलण्याला शिक्का नसतो. म्हणून आई येथे एकटी राहते आणि मुलगा तेथे कचेरीच्या पत्राची वाट पाहत बसतो. विषय कागदाचा दिसला, तरी त्यामागे माणसांची अशी ताटातूट आहे.

मुलाची अडचण आणि आईची अडचण वरवर सारखी दिसली तरी मुळात वेगळी आहे. ती नीट न ओळखल्यामुळेच लोक अर्धी पायपीट व्यर्थ करतात. मुलाचा कागद हरवला आहे, नोंद हरवलेली नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. आपण ज्याला दाखला म्हणतो तो त्या नोंदवहीतील मजकुराचा प्रमाणित उतारा होय. नोंदवही शाबूत असेल तर एक उतारा गेला म्हणून काही बिघडत नाही. फी भरून दुसरा मागता येतो. ही वही कायम जपावयाची आहे, ती नष्ट करता येत नाही, असे नियम सांगतात. अर्जदार परदेशी असला तर त्याने नातलगास अधिकारपत्र पाठवून काम करून घ्यावे.

पण वही कोणत्या गावची? येथेच बहुतेकांची फसगत होते. नोंद होते ती राहत्या गावी नव्हे, तर जन्म जेथे झाला तेथे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. हदगावकर म्हणून वाढलेल्या कित्येकांचा जन्म पैनगंगेपलीकडे उमरखेडच्या बाजूला आजोळी झालेला असतो. अशा मनुष्याने हदगावच्या नगर परिषदेत दहा हेलपाटे घातले तरी वहीत त्याचे नाव कोठून सापडणार? तेव्हा अर्ज लिहिण्यापूर्वी घरातील आत्या-मावशीला एक प्रश्न विचारावा; त्या उत्तराने महिन्याचे काम दिवसावर येते.

नोंद सापडली म्हणजे सर्व संपले असेही नाही. कित्येक नोंदींत बाळाचे नावच नसते. नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असे लिहिलेले आढळते. नाव मागाहून दाखल करण्याची आणि चूक असल्यास ती पुराव्यानिशी दुरुस्त करून घेण्याची तरतूद कायद्यात आहे. तिचा उपयोग करावा. दुसरे विघ्न म्हणजे १ जून. खेड्यापाड्यांतील शाळांत बाप मुलाला बोटाला धरून घेऊन येई, तारीख कोणालाच ठाऊक नसे, आणि मुलाचे वय शाळेच्या वर्षाला जुळावे म्हणून गुरुजी १ जून ही तारीख लिहून टाकीत. आमच्या पिढीतील निम्मा वर्ग एकाच दिवशी जन्मला की काय, अशी थट्टा पूर्वी चाले. परदेशच्या अधिकाऱ्यास ही थट्टा कळत नाही. त्याला एका माणसाच्या दोन जन्मतारखा दिसतात आणि त्याच्या मनात संशय येतो.

आता आईकडे वळू. तिची नोंदच सापडत नाही, आणि याला इतिहास कारण आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. दरबाराची भाषा उर्दू आणि कालगणना फसली. पैनगंगेच्या उत्तरेस वऱ्हाडात इंग्रजांचा अंमल आणि इसवी सनाचे दप्तर. दक्षिणेस आजूर, दै, बहमन हे महिने. फसली १३५७ म्हणजे इसवी १९४७-४८ हा हिशेब आज किती कारकुनांना येतो? पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात आला. राज्ये बदलली, दप्तरे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेली, आणि त्यांची लिपी वाचणारी माणसे एकेक करून निघून गेली.

अशा जुन्या मंडळींसाठी मार्ग अगदीच बंद आहे असे नाही. नोंद उपलब्ध नाही, असा अधिकृत दाखला घ्यावा आणि त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला व जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत, ही पद्धत अमेरिकेच्या नियमांतही मान्य आहे. परदेशातील भारतीय वकिलाती पारपत्राच्या आधारे जन्माचा दाखला देतात. पण तो मूळ नोंदीचा उतारा नव्हे, म्हणून सर्व ठिकाणी चालतोच असे धरून बसू नये. आणि जी आई शाळेची पायरीच चढली नाही, तिला प्रतिज्ञापत्रांखेरीज दुसरा आधार काय? तिचा जन्म ज्यांनी पाहिला, त्यांपैकी किती जण आज हयात आहेत? दरवर्षी हे साक्षीदार कमी होत आहेत, आणि त्यांची जागा कोणतीही कचेरी भरून काढू शकत नाही.

अशा वेळी कायद्याचे पाऊल सावध हवे. २०२३ च्या दुरुस्तीने, एक वर्षानंतरच्या विलंबित नोंदीचा आदेश देण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांकडून जिल्हा व उपविभागीय दंडाधिकारी आणि त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. पुढे खोटे दाखले दिले गेल्याचे आरोप झाले, जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने हे काम थांबवून विशेष तपास पथक नेमले आणि मार्चमध्ये कार्यपद्धती कडक केली. खोटा दाखला घेणारा आणि देणारा या दोघांनाही शासन झालेच पाहिजे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु चोर सोडून संन्याशाला सुळी असे होता कामा नये. जिच्या जन्माच्या वेळी नोंदवही राखण्याची जबाबदारी सरकारची होती, त्या वृद्धेकडे वही नाही म्हणून संशयाने पाहणे हा न्याय नव्हे.

यावर उपाय आहे आणि तो सरकारच्या आवाक्यातील आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधासाठी मराठवाड्यातील जुनी दप्तरे उघडली गेली. ज्यांना लोक कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची जुनी पुस्तके बाहेर निघाली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना बोलावणे गेले. आरक्षणाच्या वादात आम्ही येथे शिरत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की प्रशासनाने मनावर घेतले तर धूळ झटकली जाते हे तेव्हा सिद्ध झाले. मग त्याच पुस्तकांची पानोपानी छायाचित्रे काढून, गाववार आणि नाववार सूची करून ती प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी लोकांना का खुली करू नये? नांदेड जिल्ह्यात उर्दू जाणणारे निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांना मानधन देऊन हे काम सोपवावे. शोध घेतल्यावर नोंद ‘सापडली’ किंवा ‘सापडली नाही’ हे लेखी उत्तर ठरल्या मुदतीत मिळावे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत आणि अपील ही दोन्ही तत्त्वे मान्य केलीच आहेत. ती जुन्या दप्तराच्या शोधालाही लागू व्हावीत.

नागरिकांनीही आपले कर्तव्य विसरू नये. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावयाची असते आणि बारसे बाराव्या दिवशी होते. म्हणजे नावासकट नोंद करण्यास पुरेसा अवधी आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांना तर पारपत्रासाठी जन्मतारखेचा दुसरा कोणताही पुरावा चालणार नाही. २०२५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात घरे पाण्याखाली गेली, त्याआधी १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात घरेच्या घरे गाडली गेली. एकाच ट्रंकेच्या भरवशावर राहण्याचे दिवस संपले आहेत.

घरातील कागद पाण्याने जातो, वाळवीने जातो, कधी निष्काळजीपणाने जातो. त्याचा दोष घराचा. पण दप्तरातली नोंद गेली तर तो दोष राज्याचा. जिल्हाधिकाऱ्यांनी हदगावपासूनच या कामास आरंभ करावा. साक्षीदार हयात आहेत आणि पाने अजून वाचता येतात, तोवरच हे होणे शक्य आहे. नंतर कितीही समित्या नेमल्या तरी त्यांच्या हाती फक्त धूळ लागेल.