गर्भिणीचे मधले तीन मास आणि गर्भपाल रस

पहिल्या त्रैमासात ओकारी आणि गर्भस्रावाचे भय असते, शेवटच्या त्रैमासात प्रसूतीची चिंता असते. मधले चौथा, पाचवा व सहावा हे मास मात्र सुखाचे, असा समज सर्वत्र रूढ आहे. घरच्या मंडळींचा तो असावा यात नवल नाही. आपल्यापैकी अनेक वैद्यांच्या व्यवहारातही तो दिसतो, ही गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे. चौथ्या मासात गर्भिणी येते, आपण नाडी पाहतो, एखादा कल्प व गर्भपाल रसाच्या गोळ्या लिहून देतो आणि पुढची भेट सातव्या मासावर टाकतो. मधल्या काळात तोच कागद दाखवून औषधालयातून तीच औषधे पुन:पुन्हा नेली जातात. या लेखाचा विषय हा कागद आहे.

संहिताकारांनी या तीन मासांना सुखाचे म्हटलेले नाही. चरकाचार्यांचे शारीरस्थान पाहावे. चौथ्या मासात गर्भ स्थिर होतो म्हणून गर्भिणीला गात्रांचे गौरव जाणवते. पाचव्यात गर्भाच्या मांस-शोणिताचा उपचय अधिक होतो म्हणून ती कृश होते. सहाव्यात गर्भाच्या बल-वर्णाचा उपचय होतो म्हणून तिच्या बल-वर्णाची हानी होते. गर्भाला जे मिळते ते मातेकडून वजा होते, हा हिशेब त्यांनी मासागणिक मांडून ठेवला आहे. सुश्रुताचार्यांनी चौथ्या मासात गर्भाचे हृदय व्यक्त होते म्हणून तिला दौहृदिनी म्हटले, ते आपणा सर्वांना पाठ असते. कार्श्य आणि बलवर्णहानीचा भाग मात्र परीक्षेनंतर विस्मरणात जातो.

आजच्या परिभाषेत सांगायचे तर गर्भारपणात रक्ताचे आकारमान सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. रक्तरस अधिक वाढतो, रक्तकण त्या मानाने कमी. म्हणून मधल्या त्रैमासात हिमोग्लोबिन थोडे उतरणे प्राकृत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली या त्रैमासासाठी १०.५ ग्रॅम ही पांडूची मर्यादा धरली ती यामुळेच. परंतु प्राकृत उतार कोणता आणि वैकृत कोणता हे नाडीवरून अथवा नेत्राच्या वर्त्मावरून ठरवण्याचा अट्टाहास नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के आणि महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गर्भिणी पांडुग्रस्त आढळल्या. याचा अर्थ आपल्या बाकावर बसलेल्या दोन गर्भिणींपैकी जवळजवळ एक.

या काळात गर्भिणीला काय सांगावे, यातील नेहमीचा भाग थोडक्यात आटोपतो. ओकारी बहुधा ओसरते, भूक येते. पहिलटकरणीला अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास बाळाची हालचाल कळते, आधी बाळंतपण झालेलीला थोडी लवकर. जांघेत ओढल्यासारखे दुखणे, मलावष्टंभ, अम्लोद्गार, रात्री पोटऱ्यांत गोळे येणे, हे बहुतेकींना होते व आहार-विहाराने आवरते. रक्तस्राव, योनीतून पाणी जाणे, ठरावीक अंतराने येणारी कळ, ज्वर, मूत्रदाह यांपैकी काहीही असल्यास औषध देत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. अठरा ते वीस आठवड्यांत गर्भाच्या व्यंगांची सोनोग्राफी आणि चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी झाली की नाही, हे विचारण्यास आपल्याला कोणत्याही यंत्राची आवश्यकता नाही.

त्या ग्लुकोजच्या तपासणीवरून एक आठवण द्यावीशी वाटते. आपण सर्रास लिहितो त्या शतावरी कल्पाच्या डब्यात शतावरीपेक्षा साखर कितीतरी अधिक असते. दोन तासांनंतरची शर्करा १४० किंवा त्याहून अधिक आलेल्या स्त्रीने दिवसातून दोनदा दोन-दोन चमचे हा कल्प दुधातून घेणे कितपत योग्य, याचा विचार लिहिणाऱ्याने करावा आणि विकणाऱ्यानेही. शतावरीचे चूर्ण व क्षीरपाक हे पर्याय आहेतच.

आता वऱ्हाडाकडे वळू. आपल्याकडे गर्भिणीचा पाचवा-सहावा मास पुष्कळदा शेतातच जातो. निंदणाच्या दिवसांत वाकून आणि सीतादहीपासून संक्रांतीपर्यंत कापसाची ओटी कमरेला बांधून ती उभी असते. जेवणात भाकर, तुरीचे वरण, आंबाडी किंवा चटणी. त्यावर लाल चहा. लोहाची गोळी त्या चहाबरोबरच गिळली जाते आणि मग “गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही” ही तक्रार घेऊन ती आपल्याकडे येते. गोळी चहापासून व कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास दूर ठेवा, एवढे एक वाक्य पुष्कळ काम करते. शासनाची ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी चौथ्या मासापासून १८० दिवस द्यावयाची आहे. ती “उष्ण पडते” म्हणून बंद करावयास सांगणारे वैद्य आपल्यातच आहेत. शौचाला काळे होते वा पोट जड राहते ही तक्रार खरी आहे. तिच्यावर मनुका, तूप, कोमट दूध हा आपला उपाय आहे. गोळी बंद करणे हा उपाय नव्हे.

माती खाण्याचा डोहाळा वऱ्हाडात नवा नाही. भाजलेल्या मातीचे खडे किराणा दुकानात पुडीने मिळतात. डोहाळे पुरवावेत या शास्त्राज्ञेचा आधार घेऊन सासूबाई ते आणूनही देतात. अहितकर इच्छा युक्तीने टाळावी, हा त्याच शास्त्राचा दुसरा भाग त्यांना कोणी सांगत नाही. मृद्भक्षणजन्य पांडू हा चरकांनी स्वतंत्र भेद मानला आहे. माती खाणारी गर्भिणी दिसली की हिमोग्लोबिन तपासावे आणि मधल्या त्रैमासात द्यावयाची जंताची गोळी तिला मिळाली का ते पाहावे.

विदर्भात, आणि मेळघाटाच्या धारणी-चिखलदरा या तालुक्यांत विशेषत्वाने, आणखी एक प्रश्न आहे तो सिकलसेलचा. प्रत्येक पांडूला लोहभस्म हे समीकरण येथे चालत नाही. हिमोग्लोबिन कमी दिसले आणि सिकलसेलची साधी द्रावण चाचणी झालेली नसेल, तर आधी ती करून घ्यावी. जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. मेळघाटातील “जास्त खाल्ले तर बाळ मोठे होते आणि बाळंतपण अडते” ही समजूत सपाटीवरच्या गावांतही ऐकू येते. १९९३ साली मेळघाटातील कुपोषणाचे बालमृत्यू देशभर गाजले. तेव्हापासून बालकांच्या वजनाची चर्चा पुष्कळ झाली. सहाव्या मासात उपाशी राहणाऱ्या त्यांच्या आईचा विचार त्या मानाने उशिरा सुरू झाला. २०१५ साली अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील गर्भिणीला अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण देण्याचे ठरले. शास्त्रात चौथ्या मासाला सांगितलेले अक्षमात्र क्षीरनवनीत आणि पाचव्याचे क्षीरसर्पी यांचा उद्देश या जेवणाहून वेगळा नव्हता.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या वाचकांना पुढील भाग अधिक परिचयाचा वाटेल. तेथे गर्भिणीच्या पायांना सूज आली की “खाऱ्या पाण्याने आली” असे म्हणून विषय संपतो. सुश्रुतांनी सहाव्या मासात गोक्षुरसिद्ध घृत किंवा यवागू सांगितली आहे, त्यामुळे आपणही गोखरू लिहून मोकळे होतो. सहावा मास आणि गोक्षुर यांची सांगड घालणाऱ्या आचार्यांच्या निरीक्षणाला नमस्कारच केला पाहिजे. कारण गर्भजन्य रक्तदाबवृद्धी दिसू लागते ती विसाव्या आठवड्यानंतरच. परंतु गोक्षुराने सूज उतरली तरी दाब उतरला असे सिद्ध होत नाही. बांगलादेशच्या किनारी भागातील दाकोप येथे झालेल्या अभ्यासांत खारे पाणी पिणाऱ्या गर्भिणींमध्ये रक्तदाबाचे विकार अधिक आढळले. तेव्हा खाऱ्या पाण्याचे कारण खरे असले तरी ते निश्चिंत होण्याचे कारण नव्हे, उलट दाब मोजण्याचे कारण आहे. रक्तदाबमापक प्रत्येक वैद्याच्या मेजावर असतो. १४०/९० किंवा त्याहून अधिक दाब काही तासांच्या अंतराने दुसऱ्यांदाही तसाच आला, किंवा डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली कळ अशी लक्षणे असली, तर अमरावतीचे डफरीन असो की अकोल्याचे लेडी हार्डिंग, तिकडे चिठ्ठी लिहून पाठवावे. १६०/११० दाब असेल तर दुसऱ्यांदा मोजण्याची वाट पाहू नये. चिठ्ठी लिहिल्याने वैद्याचे महत्त्व कमी होत नाही. माझा अनुभव असा की अशी स्त्री बाळंतपणानंतर सूतिका परिचर्येसाठी आपल्याकडेच परत येते.

गर्भपाल रसाचा विषय शेवटी घेतला तो त्यावर मतभेद होतील हे जाणून. या कल्पात हिंगुळ आहे, नागभस्म आहे, वंगभस्म आहे. हिंगुळ म्हणजे पारद व गंधक, नाग म्हणजे शिसे. शोधन-मारणानंतर ही द्रव्ये निर्विष होतात, हा आपला सिद्धान्त आहे आणि रसशास्त्राविषयी मला आदर आहे. परंतु प्रश्न असा की गर्भिणीच्या रक्तात शिसे सापडले तर सिद्धान्ताचे काय करावयाचे? न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये सहा गर्भवती स्त्रियांच्या रक्तात डेसिलिटरला १६ ते ६४ मायक्रोग्रॅम शिसे आढळले. त्या भारतात बनलेली आयुर्वेदिक औषधे घेत होत्या. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ साली तो वृत्तान्त प्रसिद्ध केला; त्यातील एकूण दहा औषधांपैकी काहींत शिशाचे प्रमाण टक्क्यांत मोजावे इतके होते. वनौषधींच्या कल्पांसाठी आपल्याकडे मान्य असलेली शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत दहा भाग आहे. शिसे अपरेतून गर्भाकडे जाते, गर्भाच्या मेंदूला बाधते आणि त्याची निर्धोक अशी किमान पातळी सांगता आलेली नाही. पाचव्या मासात मन आणि सहाव्यात बुद्धी अधिक व्यक्त होते असे सुश्रुत सांगतात. नेमक्या त्याच मासांत आपण हा कल्प देतो.

यावर तीन उत्तरे नेहमी मिळतात. पहिले, त्या औषधांचे मारण अपक्व असेल. असेलही, पण आपण घेतो त्या डबीतील मारण पक्व आहे हे आपणांपैकी कितीजणांनी तपासून पाहिले आहे? दुसरे, मात्रा अल्प असते. एका दिवसाची मात्रा अल्प असते. तीन मासांची बेरीज अल्प नसते, आणि शिसे अस्थींत साठते. तिसरे, पिढ्यान्पिढ्या दिले, कोणाला काही झाले नाही. बालकाच्या बुद्धीत पडलेला थोडा उणेपणा कोणत्या वैद्याच्या नोंदवहीत येणार? चरकांची मासानुमासिक परिचर्या पाहावी: दूध, लोणी, तूप, मधुर औषधे. त्यात एकही धातू नाही. तेलाने काठोकाठ भरलेले भांडे न हिंदकळता न्यावे तसे गर्भिणीला जपावे, मृदू-मधुर-शीत-सुकुमार उपचार करावेत, हा त्यांचा उपदेश आहे. रसकल्प इतर व्याधींत त्यांच्या ठिकाणी राहोत. निरोगी गर्भिणीला “गर्भ राखण्यासाठी” ते नित्याचे म्हणून देणे थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सुवर्णयुक्त कल्पाच्या एका छोट्या डबीच्या किमतीत पुष्कळ ठिकाणी महिनाभर रोज पाव लिटर दूध येते. कागदावर ते दूध लिहावे.

औषधालयाच्या मालकांना दोन शब्द. आयुर्वेदिक औषधांच्या विक्रीसाठी परवान्याची अट नाही, म्हणून तुमची जबाबदारी अधिक आहे. हिंगुळ हे औषध नियमावलीच्या ई-१ या विषद्रव्यांच्या अनुसूचीत आहे आणि असे द्रव्य असलेल्या पोटात घ्यायच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती वाचून गिऱ्हाईकाला सांगावी. चार महिन्यांपूर्वीच्या कागदावर रसकल्प देऊ नये. वैद्याला फोन करावा. आणि “मुलगाच होईल” म्हणून मागितली जाणारी पुडी दुकानात ठेवूच नये. गर्भलिंगनिवडीस मनाई करणारा १९९४ चा कायदा २००३ च्या दुरुस्तीनंतर गर्भधारणेपूर्वीच्या निवडीलाही लागू आहे. शिवाय चौथ्या मासात अशी पुडी मागणाऱ्याला तुम्ही शास्त्रानेही उत्तर देऊ शकता: पुंसवनाचा काल संहितांनी गर्भाचे लिंग व्यक्त होण्यापूर्वीचा सांगितला आहे, तो केव्हाच गेलेला असतो.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली शासकीय आरोग्य केंद्रांत दुसऱ्या व तिसऱ्या त्रैमासातील गर्भिणींची तपासणी विनामूल्य होते. २०१६ पासून हे चालू आहे. चौथ्या मासातील गर्भिणीच्या कागदावर औषधांच्या वर ही तारीख लिहावी आणि त्या तपासणीचा कागद घेऊन १० तारखेला आपल्याकडे यावयास सांगावे. औषधालयातही काउंटरवर ती तारीख मोठ्या अक्षरांत लावता येईल.