तीन महिन्यांची तलवार



आज जरा भांडायचे आहे. आमचे नातेवाईक हा ब्लॉग वाचतात हे मला माहीत आहे, किंबहुना त्यांच्याशीच भांडायचे आहे. बाकीच्या ब्लॉगर मित्रांनी मजा बघावी आणि वाटले तर मध्ये पडावे.

विषय आहे तलवार. सेवाग्रामपासून आठ किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाने तलवारीवर लिहावे म्हणजे गंमतच! पण विषय मी काढलेला नाही. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर गेले काही दिवस एकाच जातीचे संदेश फिरताहेत. अमुक नट जपानी तलवार शिकला, तमुक नटी सामुराईंची विद्या शिकली. 'द लास्ट सामुराई' (२००३) साठी कित्येक महिने सराव करणारा टॉम क्रूझ त्यात आहे, त्याच वर्षीच्या 'किल बिल'ची उमा थर्मन आहे. आपल्याकडचेही आहेत. दीपिका पदुकोण २००९ च्या 'चांदनी चौक टू चायना'साठी जुजुत्सू शिकली आणि २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी'साठी तलवार, घोडेस्वारी आणि कलरिपयट्टू शिकली. विकी कौशल २०२५ च्या 'छावा'साठी तलवार आणि लाठी शिकला. आणि प्रत्येक संदेशाखाली आपल्यापैकी कोणीतरी लिहितो, "बघा, नाहीतर आपली पोरं, दिवसभर मोबाइल!"

आता आधीच सांगून टाकतो. या मंडळींनी मेहनत केली नाही असे माझे म्हणणे नाही. चांगली केली. घाम गाळला, मार खाल्ला, हातापायाला खरचटून घेतले. नटाचे ते कामच आहे आणि ते त्यांनी चोख केले. माझे भांडण त्यांच्याशी नाहीच. माझे भांडण एका क्रियापदाशी आहे. 'शिकला'.

हे क्रियापद माझ्या घरचे आहे. चौतीस वर्षे शाळेत मी त्याच्याच जिवावर पगार घेतला. त्यामुळे कोणी ते भलत्या ठिकाणी वापरले की मला राहवत नाही.

ज्या जपानचे एवढे कौतुक चालले आहे, त्या जपानात 'शिकला' कधी म्हणतात ते पाहा. केंदो ही त्यांची तलवारीचीच विद्या, बांबूची तलवार घेऊन खेळायची. तिच्यात 'दान' नावाच्या पायऱ्या असतात. पहिला दान म्हणजे आपल्याकडची बाराखडी संपली असे समजा. आठव्या दानाच्या परीक्षेला बसायचे तर सातवा दान मिळून दहा वर्षे व्हावी लागतात आणि वय किमान ४६ असावे लागते. एवढे करून बसणाऱ्यांपैकी पास किती होतात? शंभरात एखादा! बाकीचे घरी जातात, पुन्हा सराव करतात, पुन्हा बसतात. साठी-सत्तरी उलटलेले लोक नापास होऊन पुन्हा फॉर्म भरतात. आणि आपण कोणाला तरी एका उन्हाळ्यात 'सामुराई' करून टाकतो.

केंदोतला आणखी एक नियम तर मला इतका आवडला की मी आमच्या सौ.ला दोनदा सांगितला. (दुसऱ्यांदा तिने ऐकल्याचे नाटक केले.) वार नुसता लागून गुण मिळत नाही. वार करून झाल्यावरही मन जागे आणि सावध राहिले पाहिजे. त्याला ते 'झानशिन' म्हणतात. वार बरोबर बसला म्हणून खेळाडूने हवेत मूठ उगारून आनंद व्यक्त केला, तर पंच तो मिळालेला गुण रद्द करू शकतात. म्हणजे बघा, ज्या विद्येत मिरवले की गुण जातो, त्या विद्येचे आपण मिरवणुकीसारखे फोटो फिरवतो आहोत.

दुसरे असे, की सिनेमातली तलवार ही वेगळीच विद्या आहे. जपानीत तिला 'ताते' म्हणतात. खऱ्या तलवारीत वार लागला पाहिजे, 'ताते'त तो लागता कामा नये, पण लागल्यासारखा दिसला पाहिजे. ती सोपी आहे असे नाही. पण एखाद्या नटाने सिनेमातल्या एका प्रसंगापुरता अभंग पाठ केला म्हणून आपण त्याला कीर्तनकार म्हणतो का? त्याला चांगला नट म्हणतो. तेवढे पुरे असते.

आणि 'ताते'त एक माणूस असतो, ज्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मरणारा. तो नीट मेला नाही तर हिरोची तलवार पत्र्याची वाटते. 'द लास्ट सामुराई'मध्ये टॉम क्रूझच्या मागे-मागे एक अबोल म्हातारा सामुराई सतत चालत असतो. क्रूझ त्याला थट्टेने 'बॉब' म्हणतो. तो नट म्हणजे सेइझो फुकुमोतो. वयाच्या पंधराव्या वर्षी क्योतोच्या तोएई स्टुडिओत आला आणि पुढची पन्नासेक वर्षे पडद्यावर मरत राहिला. पन्नास हजार वेळा मेला असे त्याच्याबद्दल म्हणतात. जपानीत अशा नटांना वेगळा शब्दच आहे, 'किरारेयाकु', कापले जाणाऱ्याची भूमिका करणारा. मुख्य भूमिका त्याला पहिल्यांदा मिळाली ती सत्तरीत, २०१४ च्या 'उझुमासा लाइमलाइट'मध्ये, आणि त्या भूमिकेसाठी त्याला कॅनडातल्या महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिकही मिळाले. २०२१ च्या १ जानेवारीला तो गेला. आता सांगा, तुमच्या संदेशांत टॉम क्रूझ किती वेळा आला आणि फुकुमोतो किती वेळा?

याच सिनेमात क्रूझला पावसात लाकडी तलवारीने पुन्हा पुन्हा लोळवणारा एक सामुराई आहे. तो हिरोयुकी सानादा. हा पोरवयात शिनइची चिबाच्या हाताखाली तयार झाला. (हा चिबा म्हणजे 'किल बिल'मधला तलवारी घडवणारा म्हातारा. त्या सिनेमात तलवारीचे मार्गदर्शनही त्याचेच.) २०२४ साली 'शोगुन' या मालिकेला अठरा एमी पारितोषिके मिळाली. मालिकेचे मुख्य पारितोषिक घेताना सानादा व्यासपीठावर अमेरिकनांसमोर जपानीत बोलला, आणि ज्यांनी जपानच्या ऐतिहासिक नाटक-सिनेमाची परंपरा आजवर सांभाळली त्या सगळ्यांचे, दिग्दर्शकांचे आणि गुरुजनांचे त्याने आभार मानले. तारा असूनही सरळ राहता येते, ते असे. आपल्या संदेशांत नेमका हा भाग गाळलेला असतो.

आता जपान सोडा, पुण्याला या.

जुलै २०२० आठवतो? टाळेबंदी होती. पुण्याच्या रस्त्यावर नऊवारी नेसलेली ८५ वर्षांची एक आजी दोन्ही हातांत काठ्या गरागरा फिरवते आहे, अशी चित्रफीत देशभर फिरली. शांताबाई पवार, हडपसरच्या. डोंबारी समाजातल्या. ही विद्या वडिलांकडून आठव्या वर्षी शिकल्या आणि ८५ व्या वर्षी ती रस्त्यावर दाखवत होत्या ते हौस म्हणून नव्हे, घरातल्या नातवंडांच्या पोटासाठी. आमच्या गटावरही ती चित्रफीत आली होती आणि सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रे टाकली होती.

पण तेव्हाच्याच बातम्यांत आणखी एक गोष्ट आली होती, ती बहुतेकांनी वाचलीच नाही. शांताबाईंनी तरुणपणी हिंदी सिनेमांत कसरतीची कामे केली होती. त्यांत 'सीता और गीता' (१९७२) चे नाव होते. त्या सिनेमातली गीता कोण, ते आठवा. रस्त्यावर दोरीवर चालून पोट भरणारी मुलगी! म्हणजे डोंबाऱ्याच्या मुलीची गोष्ट पडद्यावर आली, ती गाजली, हेमामालिनींना त्याबद्दल पारितोषिक मिळाले. त्यांच्या अभिनयाबद्दल मिळाले, योग्यच मिळाले. पण जिच्या अंगात ती विद्या खरोखर होती, ती अठ्ठेचाळीस वर्षांनी पुन्हा रस्त्यावरच होती.

हे वाचून ज्याला काहीच वाटत नाही, त्याने पुढचे वाचू नये.

निष्पक्षपाती राहण्यासाठी हेही लिहितो, की सोनू सूद या नटाने ऑगस्ट २०२० मध्ये शांताबाईंच्या नावाने प्रशिक्षणवर्ग सुरू करून दिल्याच्या बातम्या आल्या. रितेश देशमुखही मदतीला धावले. दोघांचेही भले होवो. पण ७७ वर्षांच्या साधनेला कोणीतरी मोबाइलवर चित्रफीत काढण्याची वाट पाहावी लागली, याची लाज त्या दोघांना नव्हे, आपल्याला वाटायला हवी.

सरकारचे काय? केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये 'खेलो इंडिया' युवा स्पर्धांत देशी खेळ घेतले. पंजाबचा गतका आला, केरळची कलरिपयट्टू आली, मणिपूरची थांग-ता आली, योगासने आली. आपला मल्लखांबही आला, त्याचा आनंद आहे. पण कोल्हापूरच्या तालमींनी जपलेला मर्दानी खेळ, पट्टा, विटा, फरी-गदका, लाठी, तो त्या यादीत नव्हता. उलट जपानात बघा. 'सेव्हन सामुराई' (१९५४) च्या नटांना तलवार धरायला शिकवणारे योशिओ सुगिनो ज्या कातोरी शिंतो-र्‍यू घराण्याचे, ते घराणे पंधराव्या शतकापासूनचे. १९६० साली चिबा प्रांताने त्या घराण्याच्या विद्येला सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली. नटाला नव्हे, घराण्याला! जपानी तलवारीचे गुणगान करताना आपण नेमके हे शिकत नाही.

आणि फार लांब कशाला? आमच्या शेजारी अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, १९१४ पासूनचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने मल्लखांब, कबड्डीसारखे देशी खेळ परदेशात दाखवले. त्यातला एकही नट नव्हता. माझ्या पिढीतल्या विदर्भातल्या कितीतरी शाळांना व्यायामशिक्षक मिळाले ते अमरावतीहून. त्यांची नावे आज गटावर विचारली तर किती जण सांगतील?

आता माझा भाचा म्हणतो, "मामाजी, तुम्हाले कोनतीच गोष्ट आवडत नाही. हिरोचं पाहून चार पोट्टे शिकाले जातील, त्यात वाईट काय हाय?"

वाईट काही नाही. जावेत. पण खरोखर काय होते ते सांगतो, कारण ते त्याच्याच घरात झाले. त्याच्या मुलीने एक जाहिरात पाहिली. दोन दिवसांचे शिबिर, सामुराई तलवार, शेवटी काळ्या पोशाखात फोटो आणि प्रमाणपत्र. फी एवढी, की तेवढ्यात माझ्या काळी एका मुलाचे वर्षभराचे शिक्षण झाले असते. तिने हट्ट धरला, बापाने पैसे भरले. पोरगी हुशार आहे, तिला दोष नाही. तिने तेच मागितले जे आपण तिला रोज दाखवतो: फोटो.

आणि त्याच पोरीच्या घरापासून दहा मिनिटांवर एक गृहस्थ रोज पहाटे साडेपाचला मैदानावर मुलींना लाठी शिकवतात. तीस वर्षे शिकवताहेत. फी नाही. पावसाळ्यात मैदानात चिखल होतो तेव्हा एका गोदामाच्या पडवीत वर्ग भरतो. मागच्या वर्षी त्यांच्याकडे तेवीस मुली होत्या, यंदा नऊ आहेत. मी मुद्दाम जाऊन मोजल्या. पहिले सहा महिने ते फक्त उभे राहायला आणि पाऊल टाकायला शिकवतात, म्हणून मुली कंटाळून जातात. त्यांना मी म्हणालो, "वस्ताद, दोन महिन्यांत थोडे फिरवायला शिकवा की, टिकतील पोरी." ते म्हणाले, "गुरुजी, तुमी पहिलीतल्या पोराले आधी निबंध शिकवला होता का?"

मी गप्प बसलो. उत्तर बरोबर होते.

वर्ध्याला जपान नवा नाही. फुजी गुरुजींसारखा जपानी भिक्षू १९३३ मध्ये गांधीजींना भेटायला इथे आला. त्यांच्या पंथाचा ढोलाच्या तालावरचा मंत्र पुढे आश्रमाच्या प्रार्थनेत गेला, आणि त्यांच्याच पंथाचा विश्वशांती स्तूप आज वर्ध्यात उभा आहे. एकच मंत्र, एकच ताल, रोज, समोर कोणी असो वा नसो. तलवार असो की ढोल, जपानकडून घेण्यासारखे हेच आहे: रोज करणे आणि कोणी बघत नसताना करणे. ते फोटोत येत नाही, हीच त्याची अडचण.

तर नातेवाईकहो, फार काही मागत नाही. पुढच्या वेळी 'अमुक तारा तलवार शिकला' असा संदेश आला की पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी शोधा. कोणी शिकवले? किती वर्षे? आणि शिकवणाऱ्याला काय मिळाले? उत्तरे सापडली तर जरूर पाठवा, मीही वाचीन. सापडली नाहीत तर संदेश तिथेच राहू द्या.

आणि भाच्या, उद्यापासून पोरीला पहाटे मैदानावर सोडत जा. नऊच्या दहा होतील.