'तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस'

भारतातल्या घरी कुणाला मानसिक आजाराचं निदान झालं, की परदेशातल्या नातेवाइकांना फोनवर एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : 'तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस, आजारामुळे बोलतेय.' सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. तो स्वतःच थकलेला असतो. तरीही या वाक्यात एक अन्याय आहे. त्याला नाव दिलं मिरांडा फ्रिकर या ब्रिटिश तत्त्वज्ञ विदुषीने.

त्यांचं 'एपिस्टेमिक इनजस्टिस' हे पुस्तक २००७ मध्ये आलं. माणूस स्वतःचा अनुभव सांगतो आणि ऐकणारा पूर्वग्रहापोटी त्याच्या शब्दाला कमी किंमत देतो, तेव्हा 'जाणणारा माणूस' म्हणून त्याच्यावर अन्याय होतो, असं त्या म्हणतात. २०१७ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ पॉल क्रायटन आणि तत्त्वज्ञ हावी कॅरल व इयान जेम्स किड यांनी हाच विचार मानसोपचाराला लावून दाखवला.

मी इंग्लंडमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात ग्राहकाच्या तक्रारीवर एकदा 'जुनाच प्रॉब्लेम' असं लेबल लागलं, की त्याची पुढची तक्रार कुणी नीट वाचत नाही. निदानाचंही तसंच होतं. छातीत दुखतंय म्हटलं, तर 'टेन्शन घेतेस'. गोळ्यांनी हात थरथरतात, वजन वाढतंय म्हटलं, तर 'औषध टाळायचे बहाणे'. आणि यात खरा शारीरिक आजार निसटू शकतो.

'पण भास होत असतील, तर तेही खरं मानायचं का?' हा प्रश्न रास्त आहे. मात्र ऐकून घेणं म्हणजे सगळं मान्य करणं नव्हे. एका बाबतीत भ्रम असला, म्हणून भूक, झोप, वेदना, पैसे याविषयीचं तिचं प्रत्येक वाक्य खोटं ठरत नाही.

आपला कायदा या बाबतीत घरच्यांच्या पुढे आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, की रुग्णाचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं ठरवता येत नाही. पुढे ती क्षमता गेलीच, तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलावं, हे कुठलीही सज्ञान व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते. तातडीच्या उपचारांचा अपवाद आहे. एरवी ती इच्छा डावलायची, तर डॉक्टरांना किंवा नातेवाइकांना मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे जावं लागतं.

आपण परदेशात राहणारे पैसे पाठवतो, त्यामुळे घरात आपल्या शब्दाला वजन असतं. फॅमिली ग्रुपवर चार मेसेजमध्ये दवाखाना बदलतो, लग्न लांबतं, नोकरी सुटते. ज्याच्याबद्दल हे चाललेलं असतं, तो बहुतेक वेळा त्या ग्रुपवर नसतोच. म्हणून वाटतं, त्या माणसाला बरं वाटत असेल अशा एखाद्या रविवारी थेट त्यालाच फोन लावावा. 'गोळ्या घेतल्यास का?' हे नंतर. आधी विचारावं, 'तुला काय हवंय?' आणि तो सांगेल ते त्याला लिहून ठेवायला मदत करावी.