उतरती वाट, हाती काठी
“डॉक्टर, मुलाने युंगफ्राउयोखची तिकिटे काढली आहेत. जमेल ना?” स्वित्झर्लंडमधील ही रेल्वे आपल्याला ३४५४ मीटरवर नेते, विरळ हवेशी जुळवून घेण्यास शरीराला मात्र पुरेसा अवधी मिळत नाही. हृदयविकार किंवा दमा असल्यास आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. वर धाप लागली, डोके गरगरले, तर छायाचित्रांचा मोह सोडून खाली येणारी पहिली गाडी धरावी.

माझी स्वतःची पसंती जवळच्याच मेनलिखेन ते क्लाइने शाइडेग या वाटेला. केबलकारने वर जावे आणि आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही शिखरे पाहत सुमारे साडेचार किलोमीटर सावकाश उतरावे. गुडघ्यांना चढापेक्षा उतारच अधिक जाचतो, म्हणून काठी हवीच. क्लाइने शाइडेगला रेल्वे मिळते; परतीचा चढ चढण्याचे कारण नाही.