चेसापीकचे पाणी आणि घरमालकाचे अंगण

चेसापीक उपसागराच्या शुद्धीकरणासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०१० मध्ये नत्र, स्फुरद आणि गाळ यांच्यावर मर्यादा घालून दिली आणि त्यासाठीच्या उपाययोजना पूर्ण करण्यास २०२५ पर्यंतची मुदत ठरवली. ती मुदत उलटली. उद्दिष्ट मात्र पूर्णत्वास गेले नाही. सहा राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन मिळून सुमारे ६४ हजार चौरस मैलांच्या प्रदेशातील पाणी या उपसागराला येऊन मिळते. या पाणलोट क्षेत्रात १ कोटी ८० लाखांहून अधिक लोक राहतात. मेरीलँड आणि उत्तर व्हर्जिनियाच्या उपनगरांत घरे घेऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबेही त्यांतलीच. त्यामुळे अपुऱ्या राहिलेल्या या कामाचा हिशेब त्यांच्या अंगणापर्यंत येऊन पोहोचतो.

नत्र आणि स्फुरद ही विषे नव्हेत. ती वनस्पतींची अन्नद्रव्ये आहेत. अडचण त्यांच्या अतिरेकाची आहे. त्यांच्यावर पोसलेले शेवाळ उन्हाळ्यात पाण्यावर पसरते, तळाच्या पाणगवताचा सूर्यप्रकाश अडवते आणि मेल्यावर कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेते. खोल पाण्यात मग मासे आणि खेकडे तग धरू शकत नाहीत.

या प्रश्नाचा एक भाग बऱ्याच अंशी सुटला आहे. मेरीलँडने २००४ मध्ये प्रत्येक घरावर वर्षाला ३० डॉलरचे शुल्क बसवले. लोकांनी त्याला ‘फ्लश टॅक्स’ असे नाव ठेवले. २०१२ मध्ये बहुतेक घरांसाठी ते दुप्पट झाले. त्या पैशातून राज्यातील मोठी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे सुधारण्यात आली. उरलेल्या प्रदूषणात सर्वांत मोठा वाटा शेतीचा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु नव्या वसाहतींबरोबर शहरे आणि उपनगरे यांतून वाहून येणाऱ्या पावसाच्या पाण्याचा भार वाढत राहिला आहे. त्याला एक नळ नाही, एक मालक नाही. लाखो छपरे, ड्राइव्हवे आणि हिरवळीचे तुकडे मिळून तो तयार होतो.

याविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज रस्त्याकडेच्या जाळीविषयी आहे. स्वयंपाकघरातले पाणी जसे शुद्धीकरण केंद्रात जाते, तसेच या जाळीतले पाणीही जात असेल, असे अनेकांना वाटते. बहुतेक उपनगरांत तसे होत नाही. जाळीखालची वाहिनी थेट जवळच्या ओढ्यात उघडते. ड्राइव्हवेवर गाडी धुतल्यानंतरचा फेस, इंजिनातून गळलेले तेल, कुत्र्याची न उचललेली विष्ठा आणि रस्त्यावर लोटलेला पाचोळा हे सारे कोणत्याही प्रक्रियेविना तिथे पोहोचते.

हिरवळीच्या खतापुरते मेरीलँडने नियमच केले आहेत. २०११ मध्ये संमत झालेला कायदा १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू आहे. त्यानुसार जुन्या, रुजलेल्या हिरवळीला माती परीक्षणात गरज दिसल्याखेरीज स्फुरदयुक्त खत देता येत नाही. घरमालकाला १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात खत टाकण्यास मनाई आहे. जोरदार पावसाचा अंदाज असताना खत टाकू नये, जलप्रवाहाच्या काठचा पट्टा मोकळा सोडावा आणि फरसबंदीवर सांडलेले दाणे लगेच झाडून घ्यावेत, असेही हा कायदा सांगतो. तथापि, प्रत्येक अंगणावर पहारा ठेवणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. खताची पिशवी फोडण्याआधी माती तपासून घेणे आणि कापलेले गवत हिरवळीवरच राहू देणे, या दोन सवयींनी खताचा खर्च आणि ओढ्यावरचा भार एकाच वेळी कमी होतो.

छपराच्या पाण्याचे गणित अधिक बोलके आहे. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे ६०० गॅलन पाणी जमते. पन्हळीखाली ठेवलेल्या नेहमीच्या पिंपात त्यातले पन्नासेक गॅलन मावते. म्हणजे पिंप उपयुक्त असले, तरी पुरेसे नाही. उरलेले पाणी जमिनीत मुरवण्यासाठी पन्हळीचे तोंड ड्राइव्हवेऐवजी उथळ खोलगट वाफ्याकडे वळवावे लागते. ‘रेन गार्डन’ म्हणतात ते हेच. तो घराच्या पायापासून किमान दहा फूट दूर असावा, सेप्टिक टाकीच्या शोषक्षेत्रावर नसावा आणि त्यातले पाणी दोन दिवसांच्या आत जिरावे, म्हणजे डासांची पैदास होत नाही. खोदण्यापूर्वी ८११ वर कळवून जमिनीखालच्या वाहिन्यांची खूण करून घेणे आवश्यक असते.

अशा वाफ्याला खरा अडथळा अनेकदा शेजारच्या नजरेचा असतो. कातरलेली, एकसारखी हिरवळ हीच घराची प्रतिष्ठा, असे मानणाऱ्या घरमालक संघटनांनी स्थानिक रोपांच्या बागांना ‘अव्यवस्था’ ठरवले आहे. मेरीलँडमधील कोलंबिया येथील एका दांपत्याला त्यांच्या संघटनेने बाग काढून पुन्हा हिरवळ लावण्यास सांगितले. प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर तडजोड झाली. त्याच वादातून प्रेरणा घेऊन २०२१ मध्ये राज्याने कायदा केला. त्यानुसार मालक निगा राखत असेल, तर रेन गार्डन किंवा स्थानिक रोपांची बाग यांवर संघटनेला अवास्तव निर्बंध घालता येत नाहीत. अशा संघटनांच्या वसाहतींत राहणाऱ्या मराठी घरमालकांनी हा अधिकार जाणून घेणे आणि संघटनेच्या बैठकीत तो मांडणे महत्त्वाचे आहे.

मात्र वैयक्तिक सद्भावनेवर सगळा डोलारा उभा राहत नाही. पावसाच्या पाण्याच्या व्यवस्थापनासाठी दहा मोठ्या स्थानिक प्रशासनांना शुल्क आकारण्याची सक्ती करणारा कायदा मेरीलँडने २०१२ मध्ये केला. विरोधकांनी त्याला ‘पावसावरचा कर’ म्हणून हिणवले, २०१४ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत तो प्रचाराचा मुद्दा झाला आणि २०१५ मध्ये सक्ती मागे घेण्यात आली. माँटगोमेरी काउंटीने मात्र आपले शुल्क कायम ठेवले. पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागाच्या प्रमाणात ते आकारले जाते, पाणी जागीच मुरवणाऱ्या मालकाला त्यात सूट मिळते आणि अशा कामांसाठी अनुदानाचीही सोय आहे. ज्याचा भार अधिक त्याने अधिक द्यावे आणि जो भार हलका करील त्याचे देणे कमी व्हावे, हे सूत्र न्याय्य आहे. घरमालकाचे काम म्हणूनच फावड्यापाशी संपत नाही, मतपेटीपर्यंत जाते.

ओढ्यात वा नदीत विसर्जन न करता शाडूचा गणपती घरच्या बादलीत विसर्जित करून ते पाणी झाडांना घालण्याची रीत परदेशातील अनेक मराठी घरांत रुळली आहे. वर्षातून एकदा पाण्याविषयी पाळली जाणारी ही मर्यादा उरलेल्या दिवसांत खताची पिशवी आणि छपराची पन्हळ यांनाही लागू झाली, तर चेसापीकला मिळणाऱ्या ओढ्यांवरचा भार तेवढा तरी नक्की हलका होईल.