गुलाबाची वेल माजली म्हणून उपटू नका



“वेल पार छतावर गेली, नुसता पाला. फूल एक नाही. काढूनच टाकतो आता.” कळंब भागात अंगणातल्या वेली गुलाबाबद्दल ही तक्रार कायम कानावर येते. माझं मत विचाराल तर दोष वेलीचा नाही, कात्रीचा आहे.

द्राक्षवाल्यांना हे लगेच समजेल. ऑक्टोबरच्या गोड छाटणीआधी घड काडीतल्या डोळ्यात तयार असतो, म्हणून आपण डोळे मोजूनच कात्री लावतो. वर्षातून एकदाच बहरणाऱ्या जोरदार वेली गुलाबाचंही तसंच. तो गेल्या वर्षीच्या काडीवर फुलतो. आपण मात्र झुडपी गुलाबासारखं ऑक्टोबरात त्याला गुडघ्याएवढं कापतो. काडीबरोबर फूलही गेलं, उरलेली ताकद पाल्यात. त्यात युरिया टाकला की बघायलाच नको!

अशा वेलीची छाटणी बहर संपल्यावर करा. सगळ्यात जुन्या दोन-तीन काड्या बुडातून काढा, नव्या राखा. थांबून थांबून वर्षभर फुलणारी जात असेल तर ऑक्टोबरात बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर आणा. मुख्य काड्यांना हात लावू नका.

दुसरी गोष्ट, कापण्याआधी वाकवा. उभ्या काडीचा शेंडा खालचे डोळे दाबून ठेवतो, म्हणून फूल फक्त वर दिसतं. तीच काडी कोवळी असताना तारेवर आडवी, सुतळीनं सैल बांधली की डोळ्याडोळ्याला फूट निघते.

तिसरं, बुडाशी वाकून बघा. रोपवाटिकेत बहुतेक गुलाब जंगली खुंटावर डोळा भरून करतात. भरलेल्या जागेच्या खालून आलेला फुटवा खुंटाचा. तो राहू दिला तर जोमानं वाढतो आणि वरची चांगली जात मरते. माती उकरून तो मुळापासून ओढून काढा. नुसता कापला तर पुन्हा फुटतो.

“शेतकऱ्याला ही हौस कशाला, प्यायला पाण्याचे वांदे,” असंही कोणी म्हणेल. २०१६ ला शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते आपण विसरलो नाही. म्हणूनच सांगतो, रोज पाणी मागणाऱ्या दहा कुंड्यांपेक्षा जमिनीत मुरलेली एक वेल बरी. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी आणि बुडाला पालापाचोळ्याचं आच्छादन एवढ्यावर ती बराच तग धरते. काळ्या रानात खड्ड्याला निचरा तेवढा ठेवा. आणि हौसेचं म्हणाल तर गव्हाचे पैदासकार डॉ. बी. पी. पाल यांनी गुलाबाच्याही जाती काढल्या. १९६५ ला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे ते पहिले महासंचालक झाले.

तेव्हा यंदा ऑक्टोबरात कात्री हातात घेण्याआधी आपली वेल कोणत्या काडीवर फुलते ते बघा. उपटायला पाच मिनिटं लागतात, अशी वेल उभी राहायला तीन-चार वर्षं.